रिकाम्याचं माप

जुना कॅमेरा हातात आला की लोक भिंगावर फुंकर मारतात, शटरचा खटका दाबून पाहतात, भाता उजेडात धरून त्याला कुठे भोक पडलंय का ते बघतात. मी कॅमेरा उलटा करतो. पाठीवर लाल काचेची एक छोटी वाटोळी खिडकी असते, तीत डोकावतो. आत आकडा दिसला तर पाठीला हात लावायचा नाही. तो कॅमेरा अजून कुणाच्या तरी कामात आहे. नुसता काळोख दिसला, तर खिट्टी सरकवून पाठ उघडायची आणि एका बाजूच्या कोनाड्यात रिकामं रीळ आहे का ते पाहायचं. असेल तर कॅमेरा मोडका असला तरी चालतो. नसेल तर तो कितीही चकचकीत असो, माझा उत्साह निम्मा होतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं आणि टेलिफोनचे रिसीव्हर यांच्या गर्दीत एखादा काळा खोका पडलेला असतो. विकणारा सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसून तो पुढे करतो. "काच एक नंबर आहे साहेब." मी पाठ उघडून कोनाड्यात बघतो. त्याला वाटतं, मी गंज किती चढलाय ते पाहतोय. मुंबईत चोरबाजारात किंवा बोरा बाजारच्या गल्लीत मात्र काही जण शहाणे झालेत. ते आतलं रीळ आधीच काढून ठेवतात आणि निराळं विकतात. पत्र्याच्या दोन चकत्या आणि त्यांना जोडणारी एक बारीक दांडी, एवढाच ऐवज. त्यावर काहीही गुंडाळलेलं नाही आणि त्या काहीही नसण्याचेच पैसे.

ज्यांनी पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे वापरले त्यांना ही भानगड ठाऊक नसते. तिथे फिल्म डबीतून बाहेर येते, फोटो संपले की उलटी फिरवून पुन्हा त्याच डबीत जाते. जिथून निघाली तिथेच परत. त्याहून मोठ्या, ज्यांना मिडियम फॉरमॅट म्हणतात त्या कॅमेऱ्यांत हा परतीचा रस्ताच नाही. फिल्म एका रिळावरून सुटते, भिंगासमोर थांबत थांबत पलीकडे जाते आणि दुसऱ्या रिळावर जाऊन बसते. शेवटचा फोटो झाला की ते भरलेलं रीळ काढून धुवायला द्यायचं. इकडचं रीळ आता रिकामं झालेलं असतं. ते उचलून पलीकडच्या कोनाड्यात बसवायचं आणि त्याच्या जागी नवा रोल ठेवायचा. म्हणजे दिवाळीचे फोटो गणपतीतल्या रिळावर जाऊन बसतात आणि दिवाळीचं रीळ रिकामं होऊन संक्रांतीची वाट पाहतं.

कॅमेरा दुकानातून कोरा यायचा तेव्हा त्यात कारखान्याने एक रिकामं रीळ घालून दिलेलं असायचं. त्यानंतर मात्र कुणी काही देत नाही. पुढचं प्रत्येक रिकामं रीळ आपल्याच आधीच्या रोलमधून निघालं पाहिजे. आमच्या घरी रात्री दही लावताना आई वाटीच्या तळाशी कालचं चमचाभर राखून ठेवायची. ते एखाद्या दिवशी कुणी चाटून पुसून खाल्लं की शेजारी वाटी घेऊन जावं लागे. कॅमेऱ्याचं तसंच आहे, फक्त शेजार फार लांब गेलाय. साखळी कुठे तुटली हे कधी कळत नाही. कुणाच्या तरी मुलाने रीळ खेळायला घेतलं असेल, कुणी कॅमेरा विकण्याआधी 'आतला कचरा' साफ केला असेल. बहुतेक वेळा ती फोटो लॅबमध्ये तुटते. रोल देताना पाकिटावर 'कृपया रीळ परत करावे' असं ठळक लिहून देण्याची सवय मला तिथेच लागली. एका लॅबमधून निगेटिव्ह आल्या, प्रिंट आल्या, रीळ आलं नाही. काउंटरवरचा मुलगा बिचारा चक्रावला. "सर, फोटो आलेत ना सगळे?" फोटो आले होते सगळे. त्याच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला होता. माझ्या दृष्टीने पुढचे आठ फोटो त्याने केराच्या टोपलीत टाकले होते.

इथे कुणी म्हणेल, एवढं काय, दुसरं रीळ घ्या. घेतलं असतं. पण रिकामेपणालाही माप असतं आणि ही मापं ज्यांनी ठरवली त्यांनी ती पुढे शंभर वर्षं कुणी शोधत फिरेल अशा हिशेबाने ठरवली नव्हती. १९०० साली कोडॅकने ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा काढला, किंमत एक डॉलर. त्याच्या फिल्मला पुढे ११७ हा आकडा मिळाला. १९०१ साली थोडा मोठा, दोन डॉलरचा, दोन नंबरचा ब्राउनी आला. त्याची फिल्म १२०. १९१२ साली कोटाच्या खिशात मावेल असा व्हेस्ट पॉकेट कोडॅक आला, त्याची १२७. हे आकडे लांबीचे नाहीत, रुंदीचेही नाहीत. १०१ पासून सुरुवात करून एकामागून एक नंबर लावत गेले, एवढंच. रांगेत उभं राहिल्यावर हातात जो बिल्ला येतो तो.

या रांगेतल्या बहुतेकांचं पुढे काही झालं नाही. ११७ नंबरला मधेच एकदा भलतं भाग्य लाभलं. १९२९ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला पहिला रोलायफ्लेक्स तयार झाला, तो याच फिल्मवर चालायचा. एक डॉलरच्या पुठ्ठ्याच्या डब्याची फिल्म आणि त्या काळातला इतका देखणा, नाजूक जुळणीचा कॅमेरा, दोघांचं रीळ एकच! पण एका रोलमध्ये फोटो सहाच निघत. काही वर्षांतच रोलायफ्लेक्स १२० वर गेला आणि ११७ मागे पडला. १२० मात्र राहिला. लहान मुलांना परवडावा म्हणून काढलेल्या डब्याच्या भावंडासाठी बेतलेली ही फिल्म पुढे हॅसलब्लाड कॅमेऱ्यांत गेली, लग्नाच्या फोटोग्राफरांच्या खांद्यावर चढली, स्टुडिओत स्थिरावली. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने 'इंदू' नावाने रोल काढले तेव्हा त्यातही १२० होता. तो कारखाना बंद पडला, पण १२० ची फिल्म अजून निघते: इंग्लंडमध्ये, अमेरिकेत, चेक प्रजासत्ताकात. बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री घेऊन आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांनी सत्यनारायणाच्या पूजा आणि महाबळेश्वरच्या सहली टिपल्या. रोलमागे बारा चौकोनी फोटो. त्यातला एखादा क्लिक थ्री आज माळ्यावरून काढला तर त्यात घालायला ताजा रोल मिळतो, आणि रोलबरोबर रीळ येतंच. ज्याच्याकडे क्लिक थ्री आहे त्याला माझं दुःख समजणार नाही.

माझं दुःख ६२० चं आहे. १९३१-३२ च्या सुमाराला कोडॅकने १२० चीच फिल्म, तीच रुंदी, तीच लांबी, तोच पाठीचा कागद, एका नव्या रिळावर गुंडाळून बाजारात आणली. दांडी बारीक, चकत्या किंचित लहान, टोकाची खाचही लहान. कारण सांगितलं गेलं की रीळ सडपातळ झालं तर कॅमेराही सडपातळ होईल. झालाही असेल थोडा. पण चाणाक्ष माणसांना त्यात दुसरं काही दिसलं: ज्याने कोडॅकचा ६२० कॅमेरा घेतला, त्याने रोलही ६२० चाच घ्यायचा. फरक केवढा? चकतीच्या व्यासात दोनेक मिलिमीटरचा. पुढे कितीतरी वर्षं लाखो डबे, घडीचे कॅमेरे आणि दोन भिंगांचे कॅमेरे या दोन मिलिमीटरच्या भरवशावर विकले गेले. मग १९९५ मध्ये कोडॅकने ६२० बनवणं थांबवलं. कॅमेरे होते तिथेच राहिले.

या दोन मिलिमीटरचा मला राग यायला हवा, पण येत नाही. ते इतकं उघड आहे की त्यात लबाडीपेक्षा माणूसपणच जास्त दिसतं. आपल्या घराचा उंबरा दुसऱ्यापेक्षा बोटभर निराळा ठेवायचा, म्हणजे आत येणारा आपलाच असेल. राग येतो तो या गोष्टीचा की आत येणारे संपले तरी उंबरा तसाच राहतो.

हा उंबरा चढण्याचे जे मार्ग आहेत ते सगळे मी पाहिलेत. १२० च्या प्लास्टिक रिळाच्या चकत्या नेलकटरने कातरून, कानशीने घासून लहान करणारे लोक आहेत. काही कॅमेऱ्यांत ते बसतं, काहींत अडकून कुरकुरतं. ब्राउनी हॉकआय फ्लॅश नावाचा एक डबा आहे, तो अर्धा समजूतदार. ज्या बाजूने फिल्म सुटते तिथे तो १२० चं रीळ बहुधा खपवून घेतो. जिथे ती गोळा होते तिथे मात्र त्याला ६२० च लागतं. देताना कुणाचंही चालेल, घेताना आपलंच. म्हणजे खरं रीळ एकच पुरतं, पण ते लॅबमधून परत यायलाच हवं.

सर्वात सभ्य मार्ग म्हणजे १२० चा रोल अंधारात उलगडून ६२० च्या रिळावर पुन्हा गुंडाळणं. त्यासाठी काळ्या दुहेरी कापडाची, बाह्या असलेली पिशवी मिळते. रोल, रिकामी रिळं आत टाकायची, चेन ओढायची, बाह्यांतून कोपरापर्यंत हात घालायचे. मग डोळ्यांना काही काम उरत नाही. मी खिडकीबाहेर पाहतो, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजतो, आणि हात आत आपले एकटेच चालत असतात. आधी सगळा रोल एका फालतू रिळावर उतरवायचा, म्हणजे शेपूट वर येतं. मग तिथून ६२० वर पुन्हा गुंडाळायचा, म्हणजे तोंड वर येतं. फिल्म कागदाला फक्त तोंडाशी चिकटपट्टीने जोडलेली असते, शेपूट मोकळंच. त्यामुळे दुसऱ्या फेरीत कागद गुंडाळता गुंडाळता अचानक बोटांना फिल्मची कड लागते, थंड, ताठ, कागदाहून वेगळी. तिला अंगठ्याने हळूच आत घ्यायची, सरळ बसतेय ना ते चाचपायचं. शेवटी तोंडाशी आलं की फिल्मला थोडा फुगवटा येतो, कारण नवी दांडी बारीक आणि वळणं निराळी. तो फुगा दाबून बसवला तर पहिला फोटो बिघडतो. चिकटपट्टी उचलून फिल्मला जिथे जायचंय तिथे जाऊ द्यायचं आणि मग पुन्हा चिकटवायची. मे महिन्यात मुंबईत हे करू नये. तळहाताचा घाम फिल्मवर उमटतो आणि पुढे फोटोतल्या आकाशात कुणाचं तरी बोट दिसतं.

या खटाटोपाला रिकामी रिळं लागतात, आणि ती मिळवण्यासाठी माणसांकडे जावं लागतं. हा भाग मला सगळ्यांत आवडतो. साताऱ्यात एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत, जिथे आता पासपोर्ट फोटोंचा प्रिंटर ठेवलाय, तिथल्या काकांना मी विचारलं, "काका, सहाशेवीसची रिकामी रिळं असतील का हो एखाददुसरी?" त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "अहो, पोत्यानं होती! भंगारवालासुद्धा घेताना तोंड वाकडं करायचा. पत्रा पातळ." मग बराच वेळ खणांत खुडबुड केली. कापराची डबी निघाली, हायपोचे वाळलेले खडे निघाले, कुणीतरी न नेलेल्या लग्नाच्या निगेटिव्ह निघाल्या. अखेर पडद्याची सुतळी गुंडाळलेलं एक रीळ हाती आलं. पत्र्याचं, कडेला काळा रंग उडालेला. ६२० च होतं. काकांनी सुतळी सोडवायला घेतली आणि अर्ध्यावर थांबले. "मग ही कशावर गुंडाळू?" प्रश्न रास्त होता. पुढच्या खेपेला शिंप्याकडून दोऱ्याचं लाकडी रीळ आणून मी तो सोडवला.

अशा घरोघरच्या रिळांना निवृत्तीनंतर भलतीच कामं लागलेली दिसतात. कुणी त्यावर पतंगाचा मांजा गुंडाळलाय, कुणी दोन रिळांत तार ओवून मुलाला गाडी करून दिलीय, कुणी खिडकीचं तावदान आपटू नये म्हणून फटीत बसवलंय. वस्तू रिकामी राहिली की घर तिला काहीतरी भरायला देतंच. म्हणून खरं रिकामं रीळ मिळणं कठीण. मागायला गेलं की दर वेळी कुणाचं तरी काहीतरी उलगडावं लागतं.

मित्राच्या मुलाने माझी ही वणवण ऐकली आणि त्याच्या कॉलेजातल्या थ्रीडी प्रिंटरवर एक ६२० छापून आणलं. यंत्रात त्या दिवशी पोपटी रंग लावलेला होता, म्हणून रीळ पोपटी. नख फिरवलं तर थरांच्या बारीक रेघा लागतात. कॅमेऱ्यात ते चपखल बसलं, चावी फिरली, फोटो उत्तम आले. "अजून किती हवीत काका? दहा? वीस?" त्याने विचारलं, आणि माझी इतक्या दिवसांची टंचाई एका वाक्यात संपली. मला आनंद झाला. पण ते पोपटी रीळ हातात धरून मी थोडा वेळ नुसता बसलो होतो हेही खरं. पत्र्याचं प्रत्येक रीळ रिकामं आहे याचा अर्थ कधीतरी कुणीतरी त्यावरची फिल्म वापरली, कुणाला तरी हसायला सांगितलं, कुणाला तरी उन्हाकडे तोंड करून उभं केलं. रिकामं होण्यासाठी आधी भरलेलं असावं लागतं. हे पोपटी रीळ जन्मतःच रिकामं. त्यात त्याचा काही दोष नाही. चार-दोन रोल गेले की त्याच्याही मागे काहीतरी जमा होईल.

जी रिळं कधीच रिकामी झाली नाहीत त्यांच्याबद्दलही मी विचार करत बसतो. त्यांतलं सगळ्यांत उंचावरचं १२७ नंबरचं. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन ८ जूनला शिखराच्या वाटेवर ढगांत दिसेनासे झाले. मॅलरीजवळ एक व्हेस्ट पॉकेट कोडॅक होता, तोही मागून घेतलेला, सहकारी हॉवर्ड सॉमरवेलचा. ते दोघे शिखरावर पोचले होते का, याचं उत्तर त्या कॅमेऱ्यात असू शकतं. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, कॅमेरा नाही. २०२४ मध्ये खालच्या हिमनदीत अर्विनचा बूट सापडला, मोज्यावर त्याचं नाव शिवलेलं. कॅमेरा तेव्हाही नाही. फिल्म गोठलेली राहिली असेल तर तीतून अजून काही निघू शकेल असं जाणकार सांगतात. सॉमरवेल शल्यचिकित्सक होता. हिमालयातून उतरल्यावर त्याने त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन हॉस्पिटलात शस्त्रक्रिया करत आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली. मी कधी कधी कल्पना करतो: नारळीच्या झाडांमध्ये, भर पावसाळ्यात, ऑपरेशन आटोपून हात धुणारा हा माणूस. त्याला आठवत असेल का, की आपला कॅमेरा उसना गेलाय आणि त्यात एक रोल आहे? जगाला त्या रोलमधले फोटो हवेत. सॉमरवेलला कदाचित फक्त मित्र परत हवे होते.

इतक्या उंचीवर जायची गरज नाही. वाईला, घाटाजवळच्या एका जुन्या वाड्यात, माझ्या मित्राच्या आईने मला एक सिक्स-ट्वेंटी ब्राउनी काढून दिला. वाडा पाडून तिथे इमारत होणार होती, भांडीकुंडी वाटून देणं चाललं होतं. "घेऊन जा बाई हे, नाहीतर मजूर नेतील," काकू म्हणाल्या. मला 'बाई' म्हणण्याची त्यांची जुनी सवय आहे, त्या सगळ्यांनाच म्हणतात. काळा डबा, पुढे तीन काचा, एक मोठी, दोन लहान. वरच्या काचेत बघितलं तर अंगण उलटसुलट, उजवीकडची विहीर डावीकडे. मी नेहमीप्रमाणे तो पालथा केला आणि लाल खिडकीत पाहिलं.

आत ६ होता.

या कॅमेऱ्यात आठ फोटो निघतात. पाच घेऊन कुणीतरी पुढच्यासाठी चावी फिरवून ठेवली होती, किंवा सहावा घेतला आणि चावी फिरवायची राहिली. मित्राचे वडील जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. हा रोल त्यांचा, त्यांच्या भावाचा, की उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या कुणा भाच्याचा, हे घरात कुणालाच सांगता येईना. काकूंनी डबा कानाशी धरून हलवला, जणू आतून कुणी बोलेल.

माझ्यातला लोभी माणूस लगेच जागा झाला. आत दोन रिळं आहेत, एक रिकामं होत आलेलं, एक भरत आलेलं, दोन्ही अस्सल पत्र्याची. उरलेला रोल पटापट फिरवून घ्यायचा, घरी धुवायचा, रिळं मोकळी. पुण्याला परतताना बसमध्ये मी डेव्हलपर किती थंड ठेवावा याचाही विचार करून टाकला होता. जुनी फिल्म कमी तापमानाला धुतली तर धुरकटपणा जरा आटोक्यात राहतो. पण खंबाटकी घाटात एक शंका मनात आली ती काही जाईना. मला फोटो बघायचेत की रिळं हवीत? आणि रिळांसाठी म्हणून धुतलेल्या रोलमधून एखादा चेहरा वर आला, तर त्याला काय सांगायचं?

फोटोग्राफर मित्राने हा तिढा चहा थंड व्हायच्या आत सोडवला. "धुवायचा कशाला? पिशवीत हात घाल, उलगड, १२० च्या प्लास्टिक रिळावर गुंडाळून ठेव. ती तर तुझ्याकडे ढीगभर पडलीत. तुझी पत्र्याची रिळं मोकळी, फोटो होते तसे झाकलेले." अगदी बरोबर होतं. इतकी वर्षं १२० मधून ६२० मध्ये जो प्रवास मी हातांना करायला लावला, तोच उलटा. आणि तरी मी हिरमुसलो. तेव्हा लक्षात आलं की रिळाची निकड हा मला एक आडोसा हवा होता. रीळ हवं म्हणून रोल धुतला असं म्हणता आलं असतं. आता तो आडोसा गेला आणि समोर उरली ती फक्त दुसऱ्याची पाच-सहा क्षणचित्रं, ज्यांना मी बघावं असं कुणी मला सांगितलेलं नाही. बघू नये असंही नाही.

डबा बरेच दिवस टेबलावर होता. येणारेजाणारे मतं देत. बायको म्हणाली, "धुऊन टाक, निदान कळेल तरी." मुलगी म्हणाली, "काहीच निघणार नाही, कागदावरचे आकडेच फिल्मवर उमटलेले असतील." तसं होतं खरं, वर्षानुवर्षं कागद फिल्मला चिकटून राहिला की चेहऱ्याच्या मधोमध काळपट ४ किंवा ५ दिसतो. सगळे बोलत होते ते झालेल्या फोटोंबद्दल. मी त्या खिडकीतल्या आकड्याकडे पाहत होतो, आणि मला दिसत होतं ते न झालेलं. सहा म्हटलं तर अजून किमान दोन जागा कोऱ्या. ज्याने हा रोल घातला त्याने त्या शिल्लक ठेवल्या, मुद्दाम नसेल, पण ठेवल्या. मी इतकी वर्षं रिकामी रिळं शोधत फिरलो. इथे एका भरलेल्या रिळाच्या पोटात दोन रिकामे चौकोन होते आणि त्यांचं माप कशाशीही जुळवायची गरज नव्हती. ते कॅमेऱ्यात जागच्या जागी होते. भिंग चालत होतं, खटका पडत होता. फक्त समोर कुणी उभं राहायला हवं होतं.

मी वाईला फोन लावला. काकू आता भाड्याच्या ब्लॉकमध्ये राहतात, वाड्याच्या जागी खांब उभे राहू लागलेत.

"काकू, त्या कॅमेऱ्यात आधीचा रोल आहे. दोन फोटो शिल्लक आहेत."

"अगोबाई, मग?"

"मग ते तुमचे काढावेत म्हणतोय. आधीच्यांच्या शेजारी. येतील का सांगता येत नाही, रोल फार जुना आहे."

पलीकडे थोडा वेळ टीव्हीचा आवाज ऐकू आला, मग तो कुणीतरी बंद केला.

"नाही आले तर नाही आले. पण रविवारी नको, रविवारी माझं भजन असतं," काकू म्हणाल्या. "आणि साडी कुठली नेसू ते सांग. काळ्यापांढऱ्यात हिरवी कशी दिसते रे?"

हिरवी कशी दिसते हे फिल्म कुठली आहे त्यावर अवलंबून असतं, आणि फिल्म कुठली आहे हे अजून कुणालाच माहीत नाही. मी त्यांना म्हटलं, "हिरवीच नेसा."